सायकल, बॅट, रॅकेट आणि कस्टम: बेळगावहून परदेशी सुट्टीला निघण्याआधी

पहाटेचे साडेतीन. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर एक्स-रे मशिनच्या पलीकडे माझी सायकल उलटी करून ठेवलेली, आणि कस्टमचा एक तरुण अधिकारी मोबाइलचा टॉर्च लावून तिच्या पोटाखालचा फ्रेम नंबर वाचतोय. थायलंडात दहा दिवस सायकल चालवून परतलो होतो. सायकल माझीच, चार वर्षांची जुनी, बेंगळूरूच्या दुकानातून घेतलेली. पण ती माझी आहे आणि इथूनच बाहेर गेली होती, हे सांगणारा एक कागद खिशात नव्हता. बिल ईमेलमध्ये कुठेतरी होतं. कुठे, ते शोधायला चाळीस मिनिटं गेली. शेवटी बिलावरचा नंबर आणि फ्रेमवरचा नंबर जुळला. अधिकाऱ्यानं चेनरिंगच्या दातांत सुकून बसलेल्या लाल मातीकडे बोट दाखवून विचारलं, ही थायलंडची का? म्हटलं, नाही साहेब, जांबोटी रोडची. तो हसला नाही, पण सोडलं.

चूक सगळी माझी होती. जाताना मुंबईतच दहा-पंधरा मिनिटांचं एक काम केलं असतं तर ही पाळी आली नसती. तेव्हापासून बेळगावच्या टिळकवाडीत कुणी सायकल, गोल्फचा सेट किंवा डायव्हिंगचं सामान घेऊन परदेशी निघालं की मला फोन येतो. प्रत्येक वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी आपल्या रोजच्या सीमा बाजूला काढू

सीमा ओलांडायची आपल्याला सवय आहे. सकाळी कोगनोळी ओलांडून कोल्हापूर, रविवारी चोर्ला घाट उतरून गोवा. खानापूरच्या माणसाला तर दोन राज्यं हाकेच्या अंतरावर. जुनी मंडळी अजून ‘जकात नाका’ म्हणतात, पण राज्य बदललं म्हणून तुमच्या क्रिकेटच्या किटवर कुणी कर मागू शकत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईसारख्या शहरातली उरलीसुरली जकातही गेली. वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक वस्तूंना ई-वे बिलही (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागत नाही. कणकुंबीला गाडी थांबवून डिकी उघडायला लावतात ती अबकारी खात्याची तपासणी, गोव्याच्या दारूसाठी. तुमच्या सर्फबोर्डशी त्यांना देणंघेणं नसतं. बोर्डाच्या पिशवीत बाटल्या निघाल्या तर मात्र ती वेगळी गोष्ट!

कस्टम लागतं ते देश बदलल्यावर. आणि तिथे दरवाजे दोन: एक परक्या देशात शिरतानाचा, दुसरा आपल्याच देशात परत येतानाचा. लोक पहिल्याला घाबरतात आणि दुसऱ्याकडे आरामात चालत येतात. माझा अनुभव, आणि ज्यांनी मला फोन केले त्यांचाही, याच्या बरोबर उलटा आहे.

परक्या देशाच्या दारात सहसा काही होत नाही

पर्यटकानं स्वतः खेळायला आणलेलं सामान, जे तो परत घेऊन जाणार आहे, त्यावर ड्युटी (सीमाशुल्क) घ्यायची नाही, हे जगानं बऱ्याच आधी मान्य केलेलं आहे. १९५४ च्या न्यूयॉर्क करारात पर्यटकाच्या वैयक्तिक सामानाची यादीच दिली आहे: एक दुर्बीण, एक टाइपरायटर, दहा रेकॉर्डसकट एक ग्रामोफोन, एक तंबू, आणि खेळाच्या सामानात मासेमारीचा एक संच, इंजिन नसलेली एक सायकल, साडेपाच मीटरपेक्षा आखूड एक कयाक, स्कीजची एक जोडी आणि दोन टेनिस रॅकेट. दोनच का? एकीची तार तुटली तर दुसरी हवी म्हणून असावं. पुढे १९९० च्या इस्तंबूल करारात प्रवाशांच्या सामानासाठी आणि खेळासाठी आणलेल्या वस्तूंसाठी एक आख्खं परिशिष्टच आलं.

म्हणून बँकॉक, सिंगापूर, दुबई किंवा लंडनला आपली वापरातली रॅकेट, आपली सायकल घेऊन उतरलात तर अडचण येण्याची शक्यता फार कमी. अडचण येते दोन ठिकाणी.

पहिली, भेटवस्तू. लेस्टरमधल्या भाच्याला इंग्लिश विलोची महागडी बॅट नेताय? ती ‘माझं सामान’ या खात्यात बसत नाही, कारण ती तिकडेच राहणार. ब्रिटनमध्ये अशा वस्तूंची मर्यादा ३९० पौंड आहे, आणि एकच वस्तू त्याच्या वर गेली तर वरच्या फरकावर नाही, पूर्ण किमतीवर आकारणी होते. युरोपीय संघात विमानानं येणाऱ्या प्रौढासाठी ४३० युरो, थायलंडात २०,००० बाट. (मला विचाराल तर बॅट नेण्याची गंमत वेगळीच आहे. विलोचे ओंडके इंग्लंडहून मेरठ-जालंधरला येतात, तिथे बॅट घडते आणि आपण ती पुन्हा इंग्लंडला घेऊन जातो. भाच्याला बेळगावचा कुंदा न्या की!)

दुसरी अडचण माती. हा विषय लोक हसण्यावारी नेतात म्हणून जरा थांबून सांगतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांना तुमच्या ड्युटीपेक्षा तुमच्या बुटांखालच्या मातीची काळजी जास्त. परदेशी माती, बिया, गवत, पिसं, कच्चं लाकूड यांतून त्यांच्या शेतीला रोग येऊ नये म्हणून. लेले ग्राउंडवर पावसाळ्यात फुटबॉल खेळून आलेले स्टड तसेच बॅगेत कोंबले आणि कार्डावर ‘मातीचं काही नाही’ असं लिहिलं, तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. ड्युटी नव्हे, दंड. आणि तो खोटं सांगितल्याबद्दल. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी स्टड टबात भिजत घाला, जुन्या टूथब्रशनं एकेका खिळ्याच्या मुळाशी घासा, आतली सोल काढून तिच्याखाली बघा. आपली लाल माती तिथे हमखास बसलेली असते आणि वाळली की विटेसारखी होते. सायकल असेल तर टायरच्या खाचा, चेन, ब्रेकच्या आतली बाजू. ट्रेकचा तंबू असेल तर खुंट्या आणि तळाचं कापड. गोल्फच्या बुटांचं तसंच. सगळं धुऊन, कडकडीत वाळवून भरा आणि तरीही कार्डावर ‘हो, खेळाचं वापरलेलं सामान आहे’ असंच लिहा. खरं सांगितलं की फार तर बघतात आणि सोडतात. बॅडमिंटन खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, पिसांचं शटलकॉकही सांगण्याच्या यादीत येतं. नायलॉनचं न्या, कटकटच नको.

खरं काम घरी सुरू होतं

परतताना अडकू नये म्हणून घरून निघतानाच तीन गोष्टी करायच्या.

पहिली, यादी आणि नंबर. बहुतेक महागड्या वस्तूंवर कंपनी नंबर घालते, फक्त तो कुठे असतो ते ठाऊक हवं. सायकलचा फ्रेम नंबर बहुधा पेडलच्या धुरीच्या बरोबर खाली, फ्रेमच्या पोटाला ठोकलेला असतो; ग्रीस आणि चिखलाखाली गेलेला असतो, रॉकेलचा बोळा फिरवला की दिसतो. बऱ्याच बॅडमिंटन रॅकेटच्या दांड्याच्या वरच्या सांध्यापाशी बारीक कोरलेला असतो. डाइव्ह कॉम्प्युटर आणि जीपीएस घड्याळाचा पाठीमागच्या झाकणावर. क्रिकेटच्या बॅटला नंबर नसतो, तर तिचे पुढून-मागून फोटो काढा. लाकडाच्या रेषा आणि वापरानं पडलेले लाल डाग हेच तिचं ओळखपत्र. फोटो तारखेसकट फोनमध्ये ठेवा.

दुसरी, बिल. छापील नसेल तर दुकानदाराकडून पीडीएफ मागवून घ्या आणि फोनमध्ये ऑफलाइन साठवा. ‘ईमेलमध्ये आहे’ म्हणजे नसल्यासारखंच, हे मी पहाटे साडेतीनला शिकलो. जुनी वस्तू कुणाकडून तरी विकत घेतली असेल तर ज्यानं विकली त्याची साधी सहीची चिठ्ठी, नंबर आणि रक्कम घालून, घ्या. बेळगावात निम्म्या चांगल्या सायकली अशाच हात बदलतात.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची: भारतीय कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र, म्हणजे एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. ही वस्तू या प्रवाशानं अमुक तारखेला भारतातून बाहेर नेली, एवढंच ते सांगतं. परत येताना ते दाखवलं की विषय संपला.

हे का लागतं, तेही समजून घ्या. आपल्या बॅगेज नियमांत वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंना माफी आहे, पण २०१६ च्या नियमांनी वैयक्तिक वस्तूची व्याख्या ‘रोजच्या गरजा भागवायला लागणाऱ्या वस्तू’ अशी केली होती. कपडे, बूट, दाढीचं सामान त्यात आरामात बसतं. कार्बन फ्रेमची दीड लाखाची सायकल रोजची गरज आहे, हे माझ्या बायकोला पटवता आलेलं नाही. कस्टमच्या अधिकाऱ्याला कसं पटवणार? आणि ती चकचकीत असेल तर तिकडेच विकत घेतली असं त्याला वाटणं साहजिक आहे.

सगळ्या गोष्टींना प्रमाणपत्र नको. दोन वर्षं घासलेली रॅकेट, जुने बूट, बॅट, पॅड यांसाठी रांग लावण्यात अर्थ नाही. माझा स्वतःचा हिशेब असा: आज दुकानात ज्याची किंमत पन्नास हजारांच्या वर आहे, किंवा जे नव्यासारखं दिसतं, त्याला कागद. कार्बन सायकल, पेडलवरचा जोर मोजणारं पॉवर मीटर, गोल्फचा पूर्ण सेट, डायव्हिंगचं रेग्युलेटर आणि कॉम्प्युटर, महागडा कॅमेरा. बाकी रामभरोसे चालतं.

कागद कुठल्या विमानतळावर करायचा

इथे बेळगावकर फसतो. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, कस्टम नाही. तिथली विमानं देशातच जातात. हुबळी, कोल्हापूरचंही तेच. सांबऱ्याहून मुंबई आणि तिथून पुढे परदेश असं एकाच तिकिटावर निघालात आणि काउंटरवर बॅगेला थेट शेवटच्या शहराचा टॅग लागला, तर तुमची सायकल मुंबईत तुमच्या नजरेस न पडता दुसऱ्या विमानात जाते. कस्टमच्या अधिकाऱ्याला दाखवणार काय?

म्हणून महागडं सामान असेल तर बॅग मुंबईपर्यंतच टॅग करायला सांगा, तिथे उचला, आंतरराष्ट्रीय टर्मिनलला जा आणि पुन्हा चेक-इन करा. त्यासाठी दोन विमानांत पाच-सहा तासांचं अंतर ठेवा. त्याहून बरा मार्ग म्हणजे रात्रीची बस. सायकलचा खोका डिकीत आडवा, वर कुणाच्या गोण्या येणार नाहीत एवढं क्लीनरला सांगून ठेवायचं, सकाळी मुंबई. किंवा गोवा. गोव्याला आता दोन विमानतळ आहेत, जुना दाबोळी आणि २०२३ च्या जानेवारीत सुरू झालेला मोपा, आणि दोन्हींतलं अंतर लांबचं. तिकिटावर कुठला लिहिलाय ते वाचा. चोर्ल्यातून उतरून दाबोळीला पोहोचलेला आणि विमान मोपाहून सुटलेला माणूस मला माहीत आहे.

विमानतळावर क्रम असा. निघायच्या निदान चार तास आधी पोहोचा. बॅग काउंटरवर देण्याआधी कस्टमचं ऑफिस विचारा. एअरलाइनचे लोक किंवा सीआयएसएफचे जवान दाखवतात. पासपोर्ट, तिकीट, बिल आणि वस्तू समोर ठेवा. खोका पूर्ण गुंडाळलेला असेल तर उघडायला लागेल, म्हणून एका बाजूला टेप कमी लावा आणि टेपचा रोल हातातल्या बॅगेत ठेवा. (कात्री नको, ती सुरक्षा तपासणीत जाते. दातानं तोडा.) अधिकारी मेक, मॉडेल, नंबर, किंमत लिहून सही-शिक्का देतो. नंबर बरोबर लिहिला का ते तिथेच ताडून बघा, एक आकडा चुकला तरी परतताना कागद निरुपयोगी. मग मूळ प्रत पासपोर्टसोबत, फोटो फोनमध्ये, आणि आता बॅग जाऊ द्या.

कधीकधी ड्युटीवरचा माणूस म्हणतो, ‘याची काही गरज नाही, जावा.’ अशा वेळी वाद न घालता, पण आग्रहानं मागा. मला दुसऱ्या खेपेला असं म्हणाले होते. मी आदल्या खेपेची पहाट सांगितली. त्यानं मुकाट्यानं फॉर्म काढला.

क्लबच्या सहलीला, संघाचं एकत्र सामान घेऊन जात असाल तर एटीए कार्ने नावाची सोय आहे, तात्पुरत्या निर्यातीचं एक आंतरराष्ट्रीय बाडच म्हणा ना. भारतात ते फिक्की ही उद्योग-व्यापाराची संघटना देते आणि ते जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. त्यात हमीची रक्कम गुंतते. चौघांच्या सुट्टीसाठी त्याच्या नादी लागू नका.

तिकडे नवीन घेतलं तर

सुट्टीत दुकान दिसतं आणि हात शिवशिवतात. घ्या, पण दुकानातच गणित करा.

भारतात विमानानं परत येणाऱ्या भारतीयाला काही रकमेपर्यंत नव्या वस्तूंवर ड्युटी नाही. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा ५०,००० रुपये होती. २ फेब्रुवारी २०२६ पासूनच्या नव्या बॅगेज नियमांत ती ७५,००० झाली. वरच्या रकमेवर ३५ टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के.

समजा बँकॉकला सायकल घेतली, भारतीय रुपयांत १,२०,०००. मर्यादेवरची रक्कम ४५,०००. त्याचे ३८.५ टक्के म्हणजे १७,३२५ रुपये. जुन्या मर्यादेत हेच २६,९५० झाले असते. आता ही १७,३२५ ची भर घालून तीच सायकल बेंगळूरूला मिळते का ते बघा. अनेकदा मिळते, आणि वॉरंटीही इथली मिळते. माझ्या मते सायकल तिकडून आणण्यात आता पूर्वीइतका अर्थ राहिलेला नाही. गोल्फच्या क्लबमध्ये आणि डायव्हिंगच्या सामानात कधीकधी आहे.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: ‘मी आणि बायको दोघं आहोत, म्हणजे दीड लाख ना?’ नाही. एकाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिसळता येत नाही. सव्वा लाखाची सायकल अर्धी तुमची, अर्धी तिची असं होत नाही. पण पन्नास हजारांचं तिचं घड्याळ तिच्या नावावर आणि सत्तर हजारांचा तुमचा गोल्फचा सेट तुमच्या नावावर, हे बसतं. मुलं दोन वर्षांच्या वर असतील तर त्यांनाही स्वतःची सवलत आहे. मात्र सहा वर्षांच्या पोराच्या नावावर गोल्फच्या काठ्या, ड्रायव्हर आणि पटर, दाखवाल तर अधिकारी पोरालाच खेळून दाखव म्हणेल!

७५,००० मध्ये फक्त खेळाचं सामान नव्हे, तुम्ही तिकडून आणलेलं सगळं येतं: परफ्यूम, फोन, चॉकलेटंसुद्धा. हे विसरून माणसं नेमकी काठावर येतात.

आणि रस्त्यानं परतत असाल तर? बेळगावचे ट्रेकर एव्हरेस्ट बेस कॅम्पला जातात, काठमांडूच्या ठमेलमध्ये जॅकेटं-स्लीपिंग बॅगा घेतात आणि सुनौली किंवा रक्सौलवरून गाडीनं उतरतात. जमिनीवरून येणाऱ्याला ही रकमेची सवलत मिळत नाही, फक्त वापरलेल्या वैयक्तिक वस्तू मोफत. जॅकेट घालून या, टॅग काढून या. पाच जॅकेटं गठ्ठ्यात बांधून आणू नका.

तिकडचा कर परत मिळतो, तोही बघा. थायलंडात व्हॅट ७ टक्के आहे. एका दुकानात एका दिवशी निदान २,००० बाटची खरेदी, दुकानातच फॉर्म, आणि ६० दिवसांत विमानानं बाहेर पडणं, या अटींवर बराचसा परत मिळतो. वस्तू चेक-इनच्या आधी तिथल्या कस्टमला दाखवावी लागते, म्हणजे इथेही तोच नियम: बॅग देण्याआधी. सिंगापुरात जीएसटी ९ टक्के, दुबईत व्हॅट ५ टक्के, दोन्हीकडे परताव्याची सोय आहे. ब्रिटनमध्ये मात्र १ जानेवारी २०२१ पासून पर्यटकांचा परतावा बंद झाला; जुन्या अनुभवावर विसंबून जाऊ नका. आणि एक गंमत: तिकडे परतावा घ्यायला बिल दाखवायचं आणि इकडे ‘बिल नाही साहेब, मित्रानं दिलं’ म्हणायचं, हे जमत नाही. परताव्याची पावती बॅगेतच सापडते.

परत येताना दोन वाटा

पट्ट्यावरून बॅगा उचलल्या की पुढे लाल आणि हिरवी वाट. हिरव्या वाटेनं चालत जाणं म्हणजेच ‘माझ्याकडे ड्युटी लागेल असं काही नाही’ असं कायद्यानं सांगणं. तोंडानं काही बोललात की नाही याला महत्त्व नाही. मर्यादेवरचं काही असेल तर लाल वाट. आधीच भरायचं असेल तर कस्टमचं ‘अतिथी’ नावाचं मोबाइल अ‍ॅप आहे, त्यात घोषणा भरून ठेवता येते.

लाल वाटेला गेलं म्हणजे गुन्हेगार ठरलो असं वाटायचं कारण नाही. बिल दाखवा, ते त्यांच्या विनिमय दरानं रुपये काढतात, सवलत वजा करतात, तुम्ही पैसे भरता, पावती घेता. बिल नसेल तर अधिकारी इंटरनेटवर किंमत शोधतो, आणि सहसा सापडते ती नव्याची, पूर्ण. म्हणून बिल लपवण्यात तोटा आपलाच असतो. डिस्काउंटमध्ये घेतलेल्या सेटचं बिल तर जपूनच ठेवा.

टॅग फाडून, बुटांना मुद्दाम चिखल लावून, नवी रॅकेट जुन्या कव्हरात घालून येणारे लोक मी पाहिलेत. काहींचं चालूनही जातं. पण सापडलं तर वस्तू जप्त, वर सोडवणुकीचा दंड आणि शिवाय ड्युटी. त्यापेक्षा मघाचे १७,३२५ स्वस्त.

मुंबईला उतरून पुढे सांबऱ्याचं विमान असेल तर साधारणपणे बॅग मुंबईतच उचलून कस्टममधून काढावी लागते आणि पुन्हा द्यावी लागते. मधला वेळ कमी ठेवून तिकीट काढलं आणि लाल वाटेत अडकलात, तर बेळगावचं विमान तुमच्याशिवाय उतरतं.

हे बॅगेज नव्हेच

दुबईतल्या मित्रानं गल्लीच्या टूर्नामेंटसाठी बारा बॅटी आणि चोवीस चेंडू पाठवले, ‘तू येताना घेऊन ये’ म्हणून. बारा बॅटी एका माणसाच्या वापराच्या नसतात; त्या व्यापारी माल ठरू शकतात आणि मग सवलतीचा प्रश्नच उरत नाही. कुरिअरनं ‘गिफ्ट’ म्हणून पाठवल्या तरी सुटका नाही. गिफ्ट म्हणून मिळणारी माफी डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली, राखी आणि जीव वाचवणारी औषधं सोडून. रीतसर ड्युटी भरून आणा, नाहीतर इथेच घ्या.

दोन गोष्टी अजिबात आणू नका. ड्रोन: त्यांची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंदच आहे. आणि ट्रेकर, ट्रेल रनर वापरतात तो सॅटेलाइट कम्युनिकेटर, ज्यावरून डोंगरात नेटवर्क नसताना मेसेज जातो. परवान्याशिवाय तो आपल्याकडे बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असं यंत्र बॅगेत सापडल्यामुळे एका परदेशी धावपटूला ताब्यात घेतलं गेलं होतं. फक्त दिशा दाखवणारं जीपीएस घड्याळ चालतं. उपग्रहाशी बोलणारं नाही. तिकडे ते दुकानात सहज मिळतं आणि घेणाऱ्याला कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

नेमबाजांनी रायफल-काडतुसांचा विचार या लेखावरून करू नये. शस्त्र परवाना, एअरलाइनची परवानगी, वेगळी ड्युटी, सगळंच निराळं.

तरीही अडकलात तर

आवाज चढवू नका. आधी तुमची कागदपत्रं क्रमानं समोर ठेवा: पासपोर्टवरचा बाहेर गेल्याचा शिक्का, बिल, नंबरचा फोटो, जाण्याआधीचे तारखेचे फोटो. माझ्या एका मित्राची गोल्फ बॅग व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जुन्या फोटोवर सुटली; तीन वर्षांपूर्वीच्या मॅचनंतरचा, बॅगेवरचा तोच फाटका पट्टा दिसणारा.

पटलं नाही, तर पैसे भरून वस्तू घ्यायची की तिथेच ठेवायची हे ठरवा. ठेवली तर पावती घेतल्याशिवाय हलू नका. वस्तूचं वर्णन आणि नंबर पावतीवर असायला हवा. परदेशातून थोड्या दिवसांसाठी आलेल्या नातेवाइकासाठी आणखी एक वाट आहे: खरी घोषणा केली असेल तर सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ८० खाली वस्तू कस्टमच्या ताब्यात ठेवून परत जाताना घेता येते. ड्युटी नाही, फक्त इथे असेपर्यंत वस्तू हाताशी नाही. आदेश चुकीचा वाटला तर लेखी प्रत मागा आणि ६० दिवसांच्या आत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येतं. पाच-सात हजारांसाठी मी जाणार नाही, तुमचं तुम्ही बघा.

सायकलचा खोका मात्र फेकू नका. सायकलच्या दुकानात रिकामे खोके पडलेले असतात, मागितला की देतात, पण नेमका हवा तेव्हा मोठ्या फ्रेमचा मिळत नाही. माझा तोच खोका आता तीन देश फिरून आलाय. झाकणाच्या आतल्या बाजूला बिलाची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवली आहे आणि तिच्या शेजारी जाड मार्करनं फ्रेम नंबर लिहिलाय, म्हणजे पुढच्या वेळी सायकल उलटी करावी लागणार नाही.